दार लावून दिलेली परीक्षा

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. दुसऱ्यानं बनवलेलं हातात घ्यायचं आणि ते कुठे मोडतं ते पाहायचं. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी तारीख आणि वार जुळतो का ते बघते. त्यामुळे पुण्याहून आमच्या टीम लीडचा निरोप आला तेव्हा त्यातही मी आधी चूकच शोधली. सापडली नाही. निरोप साफ होता. जनरेटिव्ह एआय वापरून टेस्टिंग कसं करायचं याची प्रमाणपत्र परीक्षा जे पास होतील ते घरून काम करत राहतील, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. संधी एकदाच.

मी अमरावतीत राहते. नवरा इथल्याच एका कॉलेजात शिकवतो. पुणे म्हटल्यावर मला त्याची काळजी नव्हती, तो कुकर लावू शकतो. काळजी बाबांची होती. आई गेल्यापासून ते अकोल्यात एकटे राहतात. दर शनिवारी सकाळची एसटी धरून मी जाते आणि रविवारी परत येते. अमरावतीला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुह्या फ्लॅटात मी कोनासंग बोलू? भिंतीसंग?" जावयानं फोन केला तर त्यांचं सगळं नेहमी झकास असतं. मागे तापानं फणफणले होते तेव्हाही झकासच होतं. जावयापुढे दुखणं सांगायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटतो. खरं काय ते तिथे जाऊन त्यांचं तोंड पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पुण्याहून दर शनिवारी ते तोंड दिसणार नव्हतं.

त्यांना हे सांगितलं तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग जाय ना पुन्याले. मले काय होते? मी का लहान पोट्टा हाय?" मला त्यांचा रागच आला. निदान "नको जाऊस" एवढं तरी म्हणावं माणसानं. मी तणतणत अमरावतीला परतले आणि अभ्यासाला लागले.

पहिल्याच सराव परीक्षेत आपटले. प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला सर्वात योग्य निवडायचा. सर्वात योग्य म्हणजे कोणासाठी? कोणत्या परिस्थितीत? दुसरा पर्याय बरोबर आहे, पण अमुक झालं तर तिसराही बरोबर ठरतो, आणि मुळात प्रश्नच अर्धवट आहे, असं माझं चालायचं. वेळ संपायची आणि निम्मे प्रश्न तसेच राहायचे. नवऱ्यानं एकदा माझी टिपणं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "तू उत्तरं कुठी देऊन राहिली? एकेका प्रश्नाची तक्रारच करून राहिली."

मग मी चॅटबॉटलाच मास्तर केलं. एआयचीच परीक्षा, तर एआयकडूनच शिकावं, असा साधा हिशोब. मी त्याला प्रश्न विचारायला लावायची, उत्तर द्यायची, चुकलं की वाद घालायची. वाद घालण्यात मी कोणाला ऐकत नाही. थोडी हुज्जत झाली की ते म्हणायचं, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, तुम्ही फार सूक्ष्म मुद्दा मांडलात." असं ऑफिसात मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी खुशीत वहीत उत्तर उतरवून घ्यायची. माझी भीती जरा उतरली. सराव परीक्षांकडे मी नंतर फिरकलेच नाही, त्यांचे प्रश्नच सदोष असतात असं मी ठरवून टाकलं होतं.

परीक्षा घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. पण आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये फरशी फोडण्याचं काम निघालं आणि दिवसभर डोक्यावर घरघर सुरू झाली. म्हणून मी सुट्टी टाकून आदल्या दिवशीच अकोल्याला गेले. नवऱ्याचं कॉलेज होतं, तो आला नाही.

दुपारी जेवण झाल्यावर बाबा माझ्या लॅपटॉपपाशी येऊन बसले. मी त्यांना माझा लाडका मुद्दा समजावला. एआयनं लिहिलेल्या चाचणीत ॲपमध्ये नसलेलंच एखादं बटण दाबायला सांगितलं, तर त्याला हॅल्युसिनेशन म्हणतात. म्हणजे यंत्रानं मनानेच काहीतरी रचून ठामपणे सांगणं. आणि बटणं खरी आहेत, पण ती दाबण्याचा क्रम चुकवला, तर पुस्तक त्याला तर्काची चूक म्हणतं. माझं म्हणणं, दोन्ही एकच. मशीननंही ते मान्य केलं होतं.

"एक कसं होईन?" बाबा म्हणाले. मी म्हटलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचा पहिला शब्द नाहीच असतो. "नसलेलं सांगनं येगळं, अन् असलेलं उलटंपालटं सांगनं येगळं. आन इकडं, मी इचारतो त्याले." त्यांनी एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं. मशीननं लिहिलं, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. या दोन्ही चुका वेगळ्या आहेत. तुम्ही फार सूक्ष्म मुद्दा मांडलात."

बाबा खूश. "पाह्य, हे बी माह्याच बाजूनं हाय."

मी लॅपटॉप ओढून घेतला आणि वहीतलं एकेक उत्तर उलटं करून त्याला विचारत गेले. ते प्रत्येकाला हो म्हणत गेलं. सरळ विचारलं तरी हो, उलट विचारलं तरी हो. वाद घालून मी त्याला शिकवलं नव्हतं, नुसतं दमात घेतलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं तपासणाऱ्या बाईनं स्वतःचा मास्तर तेवढा तपासला नव्हता. आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण यावरच होतं, की एआयचं उत्तर पडताळल्याशिवाय स्वीकारू नका. ते प्रकरण मी सोपं म्हणून सोडून दिलं होतं.

मला हसूही येईना. वहीतलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते कळायला मार्ग नव्हता. वही बाजूला फेकून मी पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. बाबा इंग्रजी अडखळत वाचायचे आणि मी उत्तर द्यायची. मी "पण समजा" असं सुरू केलं की ते पुस्तकावर बोट आपटायचे. "समजा-बिमजा काही नाही. पुस्तकात काय लिवलं हाय ते सांग." संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला. माझ्या डोक्यात मात्र जुनी उत्तरं आणि नवी उत्तरं एकमेकांत कालवली गेली होती.

परीक्षेचा नियम असा, की खोलीत दुसरं कोणी नको, दार बंद हवं, बाहेरचा आवाजही नको. इंटरनेट समोरच्या खोलीतच होतं, म्हणून रस्त्यावरचंच दार लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी वेळ झाली तशी बाबांना मी ओसरीत खुर्ची टाकून दिली आणि बजावलं, कोणीही आलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज नको म्हणून कूलरही बंद केला. मे महिन्यातल्या अकोल्यात कूलर बंद करणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच विचारावं.

एक गोष्ट मी विसरले होते. आमच्या गल्लीत दिवसा कोणी दार लावत नाही. लावलेलं दिसलं तर घरात कोणी गेलं तरी आहे, नाहीतर मोठं भांडण तरी झालं आहे.

काही प्रश्न झाले असतील, बाहेर चपला वाजल्या. शेजारच्या काकू होत्या. "काहून हो भाऊ, दार काहून लावलं?" बाबा चूप. "पोरगी आली न काल?" पुन्हा चूप. मग आणखी चपला, आणखी कुजबुज. स्क्रीनवर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाचा संदेश आला, तुमच्या आसपास कोणी आहे का? पुन्हा आवाज आला तर परीक्षा थांबवली जाईल.

मला ओरडता येत नव्हतं, उठता येत नव्हतं. नाही, असं टाइप करताना बोटं घसरत होती. घाम डोळ्यांत जात होता. समोर नेमका चुकांचे प्रकार ओळखण्याचा प्रश्न होता. वाद घालण्याइतका जीव अंगात उरला नव्हता, म्हणून बाबांनी वाचलेलं जसंच्या तसं आठवलं आणि खूण करून पुढे गेले. उरलेले सगळे प्रश्न तसेच सोडवले. बाहेर आता अगदी शांत होतं, आणि त्या शांततेची मला आणखीच भीती वाटत होती.

शेवटचं बटण दाबलं. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं. मग निकाल आला, पास. अगदी काठावर, पण पास.

दार उघडलं तर ओसरीत अर्धी गल्ली बसलेली. मुलगी नवऱ्याशिवाय, मधल्याच वारी माहेरी आली, दार लावून आत बसली, आणि बाप ओठांवर बोट ठेवून बाहेर. त्यांनी अर्थ लावून टाकला होता. काकूंनी माझा घामानं ओला चेहरा पाहिला आणि हात घट्ट धरला. "रडू नोको माय. माहेर हाय तुह्यं, राह्य तुले राहाचं तितके दिवस."

मी खरंच रडले, आणि रडता रडता पास झाल्याचं सांगितलं. मग हशा झाला, काकूंनी बाबांना चार शब्द सुनावले आणि मंडळी पांगली.

बाबांचा बसलेला घसा धड उघडत नव्हता. "मंग? पुन्याचं?"

"नाही जात."

"बरं," एवढंच म्हणून ते आत गेले. जरा वेळानं मी पाणी प्यायला आत निघाले, तर ते माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते. "मागच्या खोलीचं म्हटलं होतं न तुमाले, कोनी भाडेकरू पाहा म्हनून. ते राहू द्या आता. नाही, भाड्यासाठी नव्हतं म्हटलं मी. घरात कोनाचा तरी आवाज पाह्यजे म्हनून म्हटलं होतं. पोरगी नाही जाऊन राहिली."

पलीकडच्या माणसाला ऐकू आलं नसावं. बाबांचा आवाज चिरकला होता. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि जरा रागानंच पुन्हा म्हटलं, "सांगतलं न, पोरगी नाही जाऊन राहिली."