ड्रायव्हरच्या बाजूचं दार

लग्नानंतरच्या पहिल्या सात वर्षांत सासरे माझ्याशी एकूण तीन वाक्यं बोलले. "या." "बसा." आणि "निघालात?" यातलं तिसरं ते जरा उत्साहाने म्हणतात असा माझा संशय होता; बायको म्हणायची, तुमच्या मनाचे खेळ आहेत. माणूस तुसडा नव्हता. बाकी सगळ्यांशी, पानवेलींना पाणी लावायला येणाऱ्या गड्याशीसुद्धा, तासन्‌तास बोलायचा. मी दिसलो की तोंड बंद. याचं कारण मला ठाऊक होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "गाडी चालवता येते?" मी तेव्हा मित्रांमध्ये विनोदी म्हणून प्रसिद्ध होतो. "सायकल येते, तीही उतारावर," असं मी म्हणालो. कोणीही हसलं नाही. सासूबाईंनी पोहे पुढे केले म्हणून निभावलं.

सासरे स्वतः ड्रायव्हर होते. वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्यांत राहणाऱ्या एका बड्या शेठकडे कापडी हुडाची, लांब बॉनेटची, फार जुनी मोटार होती. तीस वर्षं ती सासऱ्यांनी चालवली. आजूबाजूच्या गावांत लग्न कोणाचंही असो, मांडवातलं किंवा चर्चमधलं, नवरा-नवरीला आणायला तीच गाडी जायची. पुढे शेठ वारले आणि मुलांनी गाडी भंगारात काढली. त्यानंतर दर दसऱ्याला आळीतले लोक स्कुटरा, रिक्षा, टेम्पो धुऊन झेंडूच्या माळा घालायचे, आणि सासरे पाटावर आपलं ड्रायव्हिंग लायसन ठेवून त्याला एक फूल वाहायचे. मी ते पाहायचो आणि दर वेळी मला फार वाईट वाटायचं.

अशाच एका दसऱ्याला मी ठरवलं की पुढच्या दसऱ्याला त्या पाटावर गाडी असेल. एकास सोळा मापाची, पत्रा कापून, स्वतःच्या हाताने केलेली, हुबेहूब. सासऱ्यांना आधी कळू द्यायचं नाही. मग बघू, चौथं वाक्य कसं येत नाही ते.

मी गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात ड्राफ्ट्समन होतो. आम्ही बादलीच्या कडीपासून कुकरच्या मुठीपर्यंत कशाचेही साचे करायचो. मापं द्या, आम्ही वस्तू करू. पण इथे मापंच नव्हती. मापं सोडा, गाडी कुठल्या कंपनीची हेही कोणाला माहीत नव्हतं. एक म्हणाला इंग्लिश, दुसरा म्हणाला अमेरिकन. तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की ती पोर्तुगीजांची, किल्ल्याबरोबरची. म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर ती दोनशे वर्षं किल्ल्यात नुसती उभी असणार. बॉनेटवरचा मूळ बिल्ला कधीच पडून गेला होता आणि शेठनी त्या जागी शिलाई मशीनचा पितळी बिल्ला बसवला होता. तेव्हा पुस्तकात शोधायचं तरी कुठल्या नावाखाली?

स्टेशनजवळ नुकताच सायबर कॅफे निघाला होता, तिथे गेलो. इंग्रजीत 'जुनी उघडी गाडी' असं टाईप केलं. चित्र वरून खाली उतरायला लागलं. पहिल्या दहा मिनिटांत आकाश आलं. मग एक झाड आलं. मग हुडाची कड दिसायला लागली आणि वीज गेली. कॅफेवाला म्हणाला, "सर, झाडाची प्रिंट काढून देऊ का?"

शेवटी बायकोनेच डोकं चालवलं. "अहो, गाडी इथल्या सगळ्यांच्या लग्नात होती. अल्बम बघा की."

इतकं सोपं कसं सुचलं नाही याचा मला थोडा रागच आला. दर रविवारी मी तिच्या माहेरच्या ओळखीपाळखीच्या घरी जायला लागलो. आपल्याकडे लग्नाचा अल्बम मागितला की कोणी कारण विचारत नाही. अल्बम येतो, चहा येतो आणि शेजारी यजमानीण येऊन बसते. पान आपण उलटायचं नसतं, ते तीच उलटते. फोटोतला प्रत्येक माणूस कोणाचा कोण, आता कुठे असतो, त्याला डायबेटिस आहे का, हे सगळं ऐकल्याशिवाय पुढचं पान नाही. आणि मी खिशातून भिंग काढून मडगार्ड बघायचो. आता होतं असं की मडगार्डाला टेकून नेमकी करवली उभी असायची. तिच्या कमरेजवळ भिंग धरून मी वहीत आकडे लिहितोय, हे दृश्य बाहेरून कसं दिसतं याचा विचार मी केला नाही. तो इतरांनी केला. महिन्याभरात बातमी पसरली की जावई कोणासाठी तरी स्थळ शोधतोय, आणि फार चिकित्सक आहे. दोन घरांत अल्बमसोबत मुलीची पत्रिका आली. एका घरात साक्षात मुलगीच चहा घेऊन आली. तिला मी विचारलं, "तुमच्या आईच्या लग्नातला हेडलाईटचा क्लोजअप आहे का?" ती आत गेली ती परत आलीच नाही.

माहिती मात्र भरपूर मिळाली. फुटबोर्डाच्या पट्ट्या किती, हेडलाईटची कड कशी, हुडाला घड्या किती पडतात, सगळं वहीत उतरलं. आता खरी मापं काढायची होती. फोटोत ज्याची उंची पक्की माहीत आहे असं काहीतरी गाडीशेजारी पाहिजे. सासूबाईंची बहीण, म्हणजे आमच्या मावशी, एका फोटोत बरोब्बर पुढच्या चाकाशेजारी उभ्या होत्या. मी टेप घेऊन मावशींच्या घरी गेलो आणि त्यांना कपाटाला टेकून उभं केलं.

"जावईबापू, साडी घेनार असाल तं घ्या," मावशी म्हणाल्या, "मोजता कशाला? साडी सगल्यांना येते."

मावशींची उंची धरून मी पूर्ण ड्रॉइंग काढलं. सुंदर झालं होतं. फक्त त्या मापाने सासऱ्यांना ती गाडी चालवता आली नसती, अंगात घालावी लागली असती. दोन आठवडे मी आकडेमोड तपासत बसलो. शेवटी पुन्हा मावशींकडे गेलो तेव्हा कळलं की बहिणींमध्ये बुटकी दिसू नये म्हणून फोटोवाल्याने त्यांना केळ्यांच्या खोक्यावर उभं केलं होतं आणि वरून साडीचा घोळ सोडला होता. "आमच्यात सगल्यांचाच करायचे," मावशी म्हणाल्या. म्हणजे पंचवीस अल्बमांतली एकही बाई भरवशाची नव्हती! शेवटी एका चर्चमधल्या लग्नाच्या फोटोत, मागच्या चाकाजवळ, रेडिएटरला पाणी घालायचा रॉकेलचा चौकोनी डबा सापडला. तसला डबा वाण्याकडे आजही मिळतो, आणि तो खोक्यावर उभा राहत नाही. त्या डब्याने माझं ड्रॉइंग सरळ केलं.

पण सरळ झालं ते अर्धंच. सगळ्या फोटोंत गाडी डावीकडूनच दिसत होती. गाडी मांडवाशी नाहीतर चर्चच्या पायऱ्यांशी डाव्या अंगाने लागायची, नवरी डावीकडून उतरायची, वऱ्हाड डावीकडे उभं राहायचं. उजवी बाजू, ड्रायव्हरची, एकाही फोटोत नाही. आणि ड्रायव्हरही नाही. मी भिंग लावून शोधलं. वऱ्हाडाच्या डोक्यांमधून कुठे टोपीची कड, कुठे खाकी बाहीतलं कोपर. तीस वर्षांच्या लग्नांमधून माझे सासरे मला एवढेच सापडले.

वसई गावात बाजाराजवळ त्या काळच्या फोटोवाल्याचा स्टुडिओ अजून चालू होता. म्हातारा खुर्चीवर बसून पासपोर्टचे फोटो कापत होता. मी विचारलं, गाडीच्या पलीकडच्या बाजूने काढलेली एखादी निगेटिव्ह असेल का?

"पलीकडनं कशाला काढू?" तो म्हणाला. "तिकडं कोन असतं? ड्रायवर."

मला इतका राग आला की त्याने मागवलेला चहा मी अर्धाच प्यायलो. माझ्या सासऱ्यांना माझ्याशी बोलायचं नसेल तर तो आमचा घरचा मामला, पण या माणसाने त्यांना मोजायचंच नाही म्हणजे काय? मी तावातावाने उठलो, तेवढ्यात फोटो न्यायला आलेल्या एका गिऱ्हाईकाने सांगितलं की त्या गाडीचं एक दार पाचूबंदरला कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेलं त्याने पाहिलंय. पांढरं दार, मोठी मूठ. गाडी पांढरीच होती. मी राग विसरलो.

पुढच्या रविवारी टेप, वही आणि भिंग घेऊन पाचूबंदरला गेलो. सुकत घातलेल्या जाळ्यांमधून वाट काढत खुराडं शोधलं. घरातली कोळीणबाई बाहेर आली. मी म्हटलं, तुमच्या खुराड्याचं दार बघायचंय.

"दार बगाला आलाव?" तिने मला खालून वर पाहिलं. "मावरं नको?"

"आधी दार बघतो, मग मासे घेतो," मी म्हटलं. गुडघ्यांवर बसलो, टेप लावला, कोंबड्यांनी दोनदा चोच मारली तरी माप सोडलं नाही. मग दार आतून बघायला उघडलं. आतल्या बाजूला अंडी ठेवायचे बारा खळगे होते. ते फ्रिजचं दार होतं. कोंबड्यांची सोय उत्तम झाली होती, माझी झाली नाही. मी बोंबील घेऊन घरी आलो.

दसरा तीन महिन्यांवर आला होता. शेवटी मी आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय केला. ड्राफ्ट्समन अर्धंच चित्र काढतो आणि मध्यरेषा मारून मोकळा होतो. जे डावीकडे, तेच उजवीकडे. उजवी बाजू मी डावीवरून उलटी करून घेतली. गाळ्यातल्या लेथवर चाकं काढली, हुड जुन्या छत्रीच्या कापडाचं, सीट बायकोच्या फाटक्या पर्सच्या रेक्झिनची, हेडलाईट शर्टाच्या टिचबटणांचे. तीन दारं नुसती रेघा मारून दाखवली, पण ड्रायव्हरचं दार मात्र खरंखुरं उघडणारं केलं. ते दार सासऱ्यांचं. सेफ्टीपिनच्या तारेच्या बिजागऱ्या केल्या. पहिल्या चार मोडल्या. पाचवी बसली पण दार उलटं उघडायला लागलं. एका दारात माझे दोन महिने गेले; बायको म्हणाली, एवढ्यात तुम्ही खरी गाडी चालवायला शिकला असतात.

दसऱ्याला सकाळी आम्ही तिच्या माहेरी गेलो. "या," सासरे म्हणाले. "बसा." मी बसलो नाही. खोका उघडला आणि गाडी पाटावर, लायसनशेजारी ठेवली.

सासरे पाटाशी वाकले. मग दोन्ही हातांनी उचलली. डावी बाजू त्यांनी पटकन पाहिली, जशी आपण रोजची गल्ली बघतो. पुढचा बिल्ला पाहून हसू दाबलं. मग गाडी फिरवली आणि उजव्या बाजूवर त्यांची नजर थांबली.

"हा दरवाजा उघडतो?"

"हो बाबा," मी अभिमानाने म्हटलं. "खास."

"हा उघडत नव्हता कधी."

मी बायकोकडे पाहिलं. तिलाही हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. शेठच्या गाडीत ड्रायव्हरच्या मुलांना बसवत नसत. सासूबाईही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकायला लागल्या.

"पहिल्याच वर्षी एका वळनावर हा आपोआप उघडला," सासरे म्हणाले, "आनि मी भायेर. गाडी नवरा-नवरीला घेऊन पुढे गेली. केलीत घुसली. शेठनी दुसऱ्या दिवशी दरवाजाला वेल्डिंग मारून टाकलं. म्हनाले, आता तू पडनार नाय. मग मी डावीकडनं चढायचा, डावीकडनं उतरायचा. पन पुढच्या शीटवर नवऱ्याचा मामा बसलेला. तो उतरल्याबिगर मी उतरनार कसा? आनि मामाला कसली घाई? गाडीत बसलेला सगल्या गावानं बघितला पायजे. तो उतरेपर्यंत फोटो काढून झालेले, फोटोवाला पंगतीत बसलेला."

मला हसूही येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, "बाबा, द्या इकडे. चिकटवून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी गाडी झटकन पोटाशी ओढली. "हात नका लावू."

मग करंगळीच्या नखाने त्यांनी ते दार हळूच ओढलं. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तीस वर्षं मामाच्या मागनं उतरलो," ते म्हणाले. "आता इकडनं उतरतो." गाडी त्यांनी पाटावर ठेवली ती उजवी बाजू आमच्याकडे करून, दार सताड उघडं.

जेवणं झाली. मी पायात चपला घालायला उठलो तर त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलून मला जागा केली आणि केळीत गेलेली गाडी बाहेर कशी काढली ते सांगायला घेतलं. नवरी स्टेअरिंगवर होती म्हणे. बायकोने दारातून दोनदा विचारलं, निघायचं ना? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सासरे तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तू हो पुढे. आमी बोलतोय."