इलेक्ट्रॉनची सरळ वाट

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतले झेरॉक्सवाले चाचा कुठलाही कागद नीट पाहिल्याशिवाय मशीनवर ठेवत नसत.

सेमिनारच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे एक आकृती दिली. काळ्या त्रिकोणात पांढरी त्रिकोणी भोकं, त्यांच्याभोवती आणखी बारीक भोकं. त्यांना वळसे घालत इलेक्ट्रॉन लाटेसारखा कसा जातो, हा माझा विषय. चहा पिऊन परत आलो, तर सगळी भोकं पेनानं बुजवलेली!

“शाई उडाल्ती, सर. भरून टाकलो,” चाचा खुशीत म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. “चाचा, आता इलेक्ट्रॉन सरळच जाईल की!”

“मग चांगलंच हाय. लेकराला कशाला एवढे फेरे?”

माझा चेहरा पाहून मात्र ते व्हाइटनर घेऊन बसले. एकेक भोक पुन्हा पांढरं करताना पुटपुटत होते, “माफ कर, बेटा. सरांचा हुकूम हाय.”