जीपवरचा लाल पुठ्ठा

थळजवळच्या वाडीत ‘चालेल’ हा शब्द दिवसाला शंभर वेळा कानावर पडतो. चहात साखर कमी आहे, चालेल. ओले बोंबील नाहीत, सुके आहेत, चालेल. रिक्षात तिघांच्या जागी पाच बसलेत, सहावा उभा आहे, चालेल. सनी तर तो शब्द असा ताणतो, "चाऽऽलेल ना काका," की समोरच्याला आपण मघाशीच हो म्हणून बसलोय असं वाटावं. वाडीत एकटा भागोजी तो शब्द तोंडाबाहेर काढत नाही. चहा कसा झालाय म्हणून विचारलं तर "बरा हाय" म्हणतो. फार आवडला तर "हाय बरा" म्हणतो.

भागोजीने एकतीस वर्षं परांच्या बांधल्या. चिमण्या, टाक्या, बॉयलर, जिथे रंगारी आणि वेल्डर उभे राहून काम करणार तिथे आधी याने पाईप उभे करायचे, क्लॅम्प आवळायचे आणि फळ्या टाकायच्या. बांधून झालं की परांचीला लाल पुठ्ठा टांगायचा. लाल म्हणजे कुणी चढायचं नाही. मग साहेब यायचे, वर चढायचे, हाताने हलवून बघायचे, सही करायचे आणि पुठ्ठा हिरवा व्हायचा. सही सात दिवसांची. आठव्या दिवशी पुन्हा लाल. आणि एक नियम होता, ज्याने बांधली त्याने सही करायची नाही. एकतीस वर्षांत भागोजीने किती परांच्या बांधल्या ते त्यालाही सांगता येणार नाही, पण सही एकाही पुठ्ठ्यावर केली नाही.

तरी एकदा त्याने तोंडाने सही केली होती. कुठल्या कामावर ते तो सांगत नाही. साहेब आले नव्हते, उशीर होत होता, आणि खाली उभ्या असलेल्या काशीने विचारलं, "भागोजी, चढू काय?" भागोजी म्हणाला, "चालेल." दुसऱ्या मजल्यावरची फळी सरकली. काशी जगला, पण तेव्हापासून एक पाय ओढत चालतो. वाडीतच राहतो, रोज भेटतो, आणि त्या गोष्टीबद्दल भागोजीला कधी एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर भागोजीला बरं वाटलं असतं.

सनी हा भागोजीचा पुतण्या. त्याने लष्कराच्या लिलावातली एक जुनी फोर-बाय-फोर जीप कुणाकडून तरी घेतली, तिच्यावर फायबरचं छप्पर चढवलं, आणि तो रविवारी मित्रांबरोबर चिखलातून, ओढ्यांतून ती हाणत फिरू लागला. तयार कॅरियर तिला बसेना. मोबाईलवर त्याने दहा बघितले, दहाही नव्या गाड्यांचे. त्यात वीस मार्च जवळ आला. दरवर्षी वाडीचं मंडळ महाडला जातं आणि तिथे येणाऱ्या लोकांसाठी पाणपोई लावतं. भांडी, जार आणि मांडवाचं कापड नेणारा टेम्पो या वर्षी लग्नात अडकला.

"काका, तू बनव ना कॅरियर," सनी म्हणाला. "माणसं आत, सामान टपावर. सिंपल. छपराच्या पन्हळीला चार क्लॅम्प मारले की झालं. काय लोड घेतोस?"

भागोजी जीपभोवती दोनदा फिरला. फायबरवर बोटाने टकटक केलं.

"ह्या पत्रावळीवर भार टाकणार?"

"मग कशावर टाकणार?"

"जमिनीवर."

"काका, गाडी आहे ती. चालते."

"मंग जमिनीच्या सगळ्यांत जवळ जे हाय त्याच्यावर."

ते होते पुढचे-मागचे बंपर, कारण ते थेट चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, धरलेले होते. भागोजीने पुढच्या बंपरवर दोन पाय उभे केले, मागच्यावर दोन. पाय दीड इंची पाईपचे, वरची चौकट एक इंचीची, मध्ये आडवे पाईप, दोन्ही बाजूंना तिरकस आधार. मागच्या पायांत चढायला शिडीसारख्या पायऱ्या. वेल्डिंग वरच्या चौकटीलाच, बाकी सगळीकडे क्लॅम्प, कारण क्लॅम्प उघडून बघता येतो आणि वेल्डिंगच्या पोटात काय आहे ते कळत नाही. शेवटी त्याने ते सगळं चार ठिकाणी छपराला आणि काचेच्या चौकटीला आवळून बांधलं. परांची इमारतीला बांधलेली नसेल तर ती परांची नव्हे, एवढं त्याला झोपेतही माहीत होतं.

तीन दिवसांनी जीप अशी दिसू लागली की कुणीतरी तिचा रंग काढायला बांबू बांधलेत.

"काका," सनी म्हणाला, "लोक विचारतील, प्लास्टर कधी होणार."

भागोजीने जुन्या फायलीचे दोन पुठ्ठे कापले होते, एक लाल, एक हिरवा. पाठीला पाठ चिकटवून त्याने ते तारेने मागच्या पायाला टांगले. लाल बाजू बाहेर.

"हे काय?"

"वापरायचा न्हाय."

"कधीपर्यंत?"

"सही होईपर्यंत."

"मग कर ना सही."

"बांधणारा सही करत न्हाय."

सनीने आकाशाकडे बघितलं. मग फोन काढला आणि पाईप ज्याच्या दुकानातून आणले त्या अल्पेशला बोलावलं. अल्पेशभाई अलिबागहून स्कूटरवर आला, पण तिच्यावरून उतरलाही नाही, हेल्मेटही काढलं नाही.

"अरे वाह काका, एकदम पक्का. हत्ती बसेल ने, तरी काय नाय होणार. लाव ने, कुठे सही करायची?"

"वर चढलात काय?"

"चढायचं काय त्यात? माझाच पाईप छे."

"मंग तुमची सही पाईपावर. कॅरियरवर न्हाय."

अल्पेश हसला, "चालेल," म्हणाला आणि गेला.

मंडळाचं सामान एकशे वीस किलो भरणार होतं. भागोजीच्या हिशेबी परीक्षा दीडपटीने घ्यायची, म्हणजे एकशे ऐंशी. वीस-वीस लिटरचे नऊ जार पाण्याने भरून वर चढवले, दोरीने जखडले. सनी चालवायला बसला. खाऱ्या पाण्याच्या खाजणाच्या बांधावरून शेताकडे जाणारी वाट खड्ड्यांची, तीच ठरवली. भागोजी बाजूने पायी चालणार होता, पायांवर नजर ठेवून. निघताना पुतळाबाई टोपली घेऊन जीपमध्ये मागे बसली. तिला वालाच्या शेंगा काढायला शेतावर जायचंच होतं.

पुतळाबाई भागोजीची बायको. कमी बोलते आणि जे बोलते ते समोरच्याकडे न बघता बोलते, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं ती भिंतीला सांगतेय.

शेतावर पोचेपर्यंत वरचं काही हललं नाही. भागोजीने चारही पाय हाताने चाचपले आणि मान डोलावली. पुतळाबाई खाली उतरली, टोपली कमरेला घेतली आणि बांधाला सांगितलं, "मधला बोलतो."

"काय?"

"खाली-वर गप हाय. मधला करकरतो. चाक खड्ड्यात गेलं की बोलतो, सरळ असलं की गप."

"काकी, जुनी गाडी आहे," सनी म्हणाला. "आवाज तर करणारच. मी पण करतो."

भागोजी परत येताना आत बसला, पुतळाबाईच्याच जागी. पहिल्या खड्ड्याला त्याने ऐकलं. घरी आल्यावर बघितलं तर उजवीकडे, छपराला जिथे बांधलं होतं तिथून, फायबरवर केसाएवढी चीर निघाली होती.

त्याने त्याच्या जागी कुठल्याही परांचीवाल्याने केलं असतं तेच केलं. चार बांधण्यांच्या सहा केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ जार, पुन्हा तीच वाट. चीर बोटभर झाली आणि डावीकडे तिला बहीण मिळाली.

सतरा मार्च होता. मंडळाच्या अध्यक्ष वेणूबाई दोन वेळा येऊन गेल्या होत्या. त्यांची विचारायची पद्धत अशी की प्रश्नात उत्तर आधीच शिरलेलं असतं. "भागोजीभाऊ, म्हणजे आपलं सामान टपावरनंच जातंय, व्हय ना? म्हणजे मी लोकांना तसं सांगितलंय." भागोजीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. काशीही एकदा काठी टेकत आला, पुठ्ठ्याकडे बघितलं, "लाल हाय अजून," एवढंच म्हणाला आणि गेला. भागोजी पाना घेऊन पुन्हा एकेक बांधणी चाचपायला लागला.

पुतळाबाई ओट्यावर शेंगा सोलत होती.

"मी तुमच्या परांचीवर किती वर्सं चढले?" तिने शेंगेला विचारलं.

लग्न झाल्यावर अकरा वर्षं ती त्याच कामांवर बिगारी होती. डोक्यावर विटांचं घमेलं घेऊन भागोजीच्याच फळ्यांवरून ती वर जायची. घरात एवढं एकच माणूस होतं, ज्याने त्याचं बांधकाम बघितलं नव्हतं, वापरलं होतं.

"अकरा," भागोजी म्हणाला.

"तवा बिल्डिंग हलायची काय?"

"बिल्डिंग कशाला हलेल?"

"ही हलते. डोक्यावर घमेलं घेतलं की मी मान बांधून ठेवायचे काय? मान हलते म्हणून तर घमेलं ऱ्हातं."

भागोजी उठला, जीपखाली गेला आणि आडवा पडला. सनीला म्हणाला, "बॉडी धर नि हलव." सनीने खांदा लावून हलवली. भागोजीने खालून बघितलं. चासी जागेवर होती आणि तिच्यावर रबराच्या गट्ट्यांवर बसवलेली बॉडी बोटभर इकडून तिकडे झाली. त्याने एक टोक चासीला धरलं होतं, दुसरं बॉडीला. दोघी आपापल्या चालीने चालत होत्या आणि तो मध्ये दोघींचे हात बांधून बसला होता.

"सहाच्या सहा सोड," तो खालूनच म्हणाला.

"सगळ्या?" सनी म्हणाला. "काका, मग धरणार कशाला?"

"कशालाच न्हाय. पायांवर उभा ऱ्हाईल."

बांधण्या त्याने स्वतःच सोडल्या. प्रत्येक नट काढताना त्याचा हात थोडा थांबत होता, कारण एकतीस वर्षांत त्याने बांधणी सोडलेली ती फक्त परांची उतरवताना. मग तिरकस आधार आणखी दोन वाढवले आणि पाय थोडे उंच केले, इतके की छप्पर आणि चौकट यांच्यात चार बोटं अंतर राहील. चिरा सनीने फायबर लावून बुजवल्या आणि त्यांवर मित्रांच्या ग्रुपचं स्टिकर चिकटवलं.

अठरा तारखेला पुन्हा नऊ जार. पुतळाबाई मागे बसली, शेतावर गेली, शेंगा काढल्या, परत आली. वाटेत सनीने दोनदा विचारलं, "काकी, बोलतोय काय?" ती कान छपराकडे लावून बसली होती. घरासमोर गाडी थांबली तेव्हा उतरून पदर खोचला आणि मागच्या पायऱ्यांवरून थेट वर चढली. जारांच्या मध्ये उकिडवी बसली आणि चौकटीच्या दोन्ही बाजू धरून तिने गाडी अशी गदगदा हलवली की सनी म्हणाला, "काकी, इन्शुरन्स नाही गं."

भागोजी खाली उभा होता. दोन्ही हात मागे.

पुतळाबाई उतरली. "सही करायची तर मीच करनार ना?" तिने जारांना विचारलं.

"तू करशील?"

"आत्ता न्हाय. तिसऱ्या पायरीवर पाय सटकतो. काथ्या गुंडाळा."

सनीला वाटलं काका चिडेल. भागोजी आत गेला, काथ्याची गुंडी घेऊन आला आणि तीनही पायऱ्यांना एकसारखा काथ्या गुंडाळत बसला. अर्ध्या तासाने ती पुन्हा चढली, उतरली, मग हात पुसले. पुठ्ठा उलटा केला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या मोठ्या, सुट्या अक्षरांत तिने हिरव्या बाजूवर आपलं नाव लिहिलं. तारीख भागोजीने सांगितली. सात दिवसांनंतरची तारीखही लिहायला लावली. ‘पुतळाबाई’तला ‘ई’ पुठ्ठ्यात मावेना, तो तिने तारखेखाली लिहिला.

वीस तारखेला सामान महाडला गेलं, आणि पाणी वाटून रिकामे जार परत आले. जाताना काशी पुढच्या सीटवर होता. चढण्याआधी त्याने मागे जाऊन पुठ्ठा वाचला, अक्षर अक्षर लावून, तारखेसकट, आणि मग दार उघडून आत बसला. भागोजीने त्याची काठी वर घेतली आणि जारांच्या बाजूला दोरीखाली सरकवली.

आठव्या दिवशी सकाळी सनी तंबू आणि शेगडी घेऊन आला. मित्र नाक्यावर थांबले होते. बघतो तर पुठ्ठा लाल.

"काका, महाडला तर मस्त चाललं ना सगळं."

"तारीख संपली."

"मग काकीला सांग."

पुतळाबाई मागच्या दारी कोळंबी सोलत होती. तिने हात वर करून दाखवले.

"हात बघ. तासाभराने ये," तिने कोळंबीला सांगितलं. "आणि डावीकडला मागचा क्लॅम्प आवळून ठेवा म्हणावं त्यांना. मी सकाळी बघितलाय, ढिला झालाय."