बुशला पाच, फ्लँजला नऊ

“सोमवारी ब्याऐंशी, मंगळवारी अठ्ठावन्न! माणूस तोच, मशीन तेच. हा कामचोरपणा नाही तर काय?” मॅनेजरने रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. भानुदासला कामावरून काढायचं पत्र टाईप होऊन टेबलावर पडलं होतं. टार्गेट योग्य आहे, अशी माझी सही तेवढी बाकी होती.

मी वाळूजच्या एका कारखान्यात वर्क स्टडीला होतो. कोणत्या कामाला किती मिनिटं लागतात ते काढायचं आणि त्यावरून टार्गेट ठरवायचं, हे माझं काम. भानुदास लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर. गंगापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्या घरातली ही पहिलीच नोकरी.

रजिस्टर पाहिलं आणि डोकं सणकलं. टार्गेट दिवसाला ऐंशी नग. पण कसले नग, ते कुठेच नाही. भानुदास लहान बुश, म्हणजे नळीसारखे तुकडे, करायचा आणि मोठे फ्लँज, म्हणजे जाड चकत्याही. रजिस्टरमध्ये दोन्ही ‘एक नग’! आणि ऐंशीचं टार्गेट मीच ठरवलेलं, नुसते बुश चालायचे तेव्हा. नंतर फ्लँज आले, मी ढुंकूनही पाहिलं नाही. मॅनेजरचा राग आला तितकाच स्वतःचा आला.

“साहेब, दहा मिनिटं द्या.”

“पत्र दोनच्या आत जायला पाहिजे. स्टॉपवॉच घेऊन बसू नका उगाच.”

“स्टॉपवॉच कशाला? शाळेतलं गणित पुरे आहे!”

स्टोअरच्या स्लिपांवरून नग वेगळे काढले. सोमवारी ७२ बुश, १० फ्लँज. मंगळवारी १८ बुश, ४० फ्लँज. जेवणाची सुट्टी सोडून शिफ्ट दोन्ही दिवशी ४५० मिनिटांची. बुशला क्ष मिनिटं धरली, फ्लँजला य.

७२क्ष + १०य = ४५०
१८क्ष + ४०य = ४५०

दोन अज्ञात एकदम सापडत नाहीत, एकाचा लोप करावा लागतो. दुसऱ्या समीकरणाला चारने गुणलं: ७२क्ष + १६०य = १८००. त्यातून पहिलं वजा केलं. क्ष गेला, उरलं १५०य = १३५०. म्हणजे फ्लँजला नऊ मिनिटं, बुशला पाच.

बुधवार ताडून पाहिला. ४५ बुश, २५ फ्लँज. सव्वादोनशे आणि सव्वादोनशे, पुन्हा बरोबर ४५०.

“हा कामचोर?” मी ओरडलोच.

मॅनेजरने पत्र फाडलं. चुकलं वगैरे काही नाही, उलट खूश. “एक मिनिट वाया नाही! मग सगळ्यांना हेच लावा. टार्गेट पूर्ण ४५० मिनिटांचं.”

मी खाली लेथपाशी गेलो. “भानुदास, तुझं पत्र रद्द झालं. पण तीन दिवसांत एक मिनिटही कसं वाया गेलं नाही रे?”

मशीन बंद न करताच तो म्हणाला, “फ्लँज असले की नग लई कमी भरत्यात साहेब. म्हून ड्युटीवर पाणीच पीत नाय. पाणी पिलं की लघवीला जावं लागतंय.”

मला माझ्याच कागदाची किळस आली. तसाच वर गेलो. ४५० मधून पंचेचाळीस मिनिटं काढून टाकली: पाणी, लघवी, पाठ सरळ करणं. उरलेल्या वेळात बुश ८१, नाहीतर फ्लँज ४५.

“ही पंचेचाळीस मिनिटं कुठून आणली?” मॅनेजर तडकला.

“खाली चला, दाखवतो. नाहीतर तुम्हीच उद्या दिवसभर पाण्याशिवाय बसा.”

आठवडाभर भांडलो, तेव्हा त्यांची सही मिळाली. तेव्हापासून उत्तर अगदी काट्यावर आलं, की मी आधी खाली जाऊन मशीनवरच्या माणसाला विचारतो.