दोन मरून

आमच्या ह्यांचं मिलमधलं कापडाच्या रंगाची शेड बघण्याचं काम माझ्यामुळे गेलं, असं मी चाळीसेक वर्षं धरून चालले होते. कुणाला बोलले नाही. मागच्या हिवाळ्यात नातीने मला अमेरिकेतली चित्रं बघायला नेलं, तेव्हा ते सगळं पुन्हा वर आलं.

नात चित्रकला शिकते. तिला कॉलेजात त्या चित्रकारांवर बोलायचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काही जणांनी माणसं, झाडं, घरं काढणं सोडून दिलं आणि भिंतीएवढ्या कापडावर नुसता रंग लावला, असं तिने टॅक्सीत समजावलं. त्यातली थोडी चित्रं फोर्टातल्या एका हॉलमध्ये आली होती.

"मग बघायचं काय?" मी विचारलं.

"रंगच बघायचा, आजी."

"रंग मी पुष्कळ बघितलाय. तुझ्या आजोबांच्या नखांत."

पहिलं चित्र म्हणजे शिंतोडे. काळे, पांढरे, पिवळे, एकावर एक.

"हे तर भिंत रंगवणाऱ्याने खाली अंथरलेलं फडकं."

"हळू बोल ना."

"का? त्याला ऐकू जातंय?"

"तो केव्हाच गेला, आजी."

"मग बोलू दे की."

दुसरं एका बाईचं होतं. तिने कोरं कापड जमिनीवर पसरून त्यावर पातळ रंग ओतला होता. कापडाला आधी काही लावलं नव्हतं, म्हणून रंग आत शिरला, असं नात म्हणाली. हे मला पटलं. जवळ जाऊन बघितलं. रंग वर बसलेला नव्हता, कापड तो प्यायलं होतं. ह्यांच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या डाइंग खात्यात दुसरं काय चालायचं?

तिसऱ्यासमोर बाक होता म्हणून मी बसले. चित्र दरवाजाएवढं. वर एक मरून रंगाचा चौकोन, खाली एक मरून चौकोन, कडा पुसट. मला दोन्ही सारखेच दिसले. मग ह्यांची पद्धत आठवली. शेड बघताना टक लावायची नाही. बघायचं, नजर दुसरीकडे न्यायची, परत बघायचं. तसं तीनचारदा केलं. खालचा मरून निळ्याकडे झुकत होता, वरचा विटेकडे.

"हे दोन वेगळे आहेत," मी म्हटलं.

"लोक इथे अर्धा अर्धा तास बसतात, तेव्हा त्यांना ते दिसतं."

"तुझ्या आजोबांना त्याच कामाचा पगार होता."

ती हसली. मला हसू आलं नाही, कारण असे दोन मरून माझ्या घरी गोधडीत होते.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो, एका खोलीत. हे संध्याकाळी घरी आले, की शेजारच्या बाया आधी त्यांची नखं बघायच्या आणि मिलमध्ये आज कुठला रंग चाललाय ते सांगायच्या. मोरपंखी असला तर दोन दिवस जायचा नाही. भात कालवताना बोटं तशीच. मसाल्याच्या गल्लीत आम्ही मिरची दळायला नेली, तर हे दळलेल्या तिखटाची चिमूट उचलून बाहेर उजेडात जायचे आणि परत येऊन दळणाऱ्याला म्हणायचे, "ही आमची मिरची नाही. बदललीस." तो शपथा घ्यायचा. मग डब्यांत शोधल्यावर आमची सापडायची. मला लाज वाटायची, पण घरी येताना मीच ते चाळभर सांगत यायचे.

त्यांचं काम असं, की गिऱ्हाइकाने पसंत केलेला तुकडा एका हातात आणि नवीन रंगवलेल्या कापडाचा तुकडा दुसऱ्या हातात धरायचा. जुळला तर कापड पुढे, नाही तर परत. ट्यूबलाइटखाली ते कधी बघायचे नाहीत. ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणायचे. सकाळच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून बघायचे.

माझ्या पोटात मुलगा होता तेव्हा एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, की मरून जुळत नाही. ह्यांनीच तो पास केला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा आणि पास केलेल्या कापडाचा, असे दोन्ही तुकडे घेऊन घरी आले, मोठ्या रुमालाएवढे. सकाळी गॅलरीत उभे राहून बराच वेळ बघत राहिले, चहा निवला. मग तुकडे ट्रंकेखाली सारून कामावर गेले. मला एका शब्दाने काही सांगितलं नाही. तक्रारीचं मला शेजारणीकडून कळलं, तेही नंतर.

मी बाळासाठी गोधडी शिवत होते. चाळीतल्या सगळ्याच बाया मिलच्या चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या. ट्रंकेखाली हात घातला, दोन छान जाड मरून तुकडे मिळाले. मधोमध बसवले, एकाखाली एक.

हे आले, गोधडी बघितली. म्हणाले, "ते दोन तुकडे?"

"घातले की. का हो, हवे होते?"

त्यांनी त्यावरून हात फिरवला. "असू दे. चांगली झालीय."

आठवड्याने त्यांना घडीखात्यात टाकलं. कापड मोजायचं, घडी घालायची. नखं पांढरी झाली. तेव्हा मला शेजारणीने तक्रारीचं सांगितलं आणि मी समजले, की रंग जुळतो हे साहेबाला दाखवायला ठेवलेला पुरावा मी शिवून टाकला. पुढे दोनदा विचारलं, "माझ्यामुळे झालं ना?" एकदा म्हणाले, "कसला पुरावा, काहीतरीच." दुसऱ्यांदा पेपर वाचत राहिले. मला वाटलं, माणूस भला आहे, बायकोला दोष देत नाही. हे गेले, तरी मी तेच धरून होते.

चित्रं बघून आल्यावर मी गोधडी काढली. आता चाळीच्या जागी टॉवर आहे, आम्ही अकराव्या मजल्यावर. रात्री नको म्हटलं, सकाळची वाट बघितली.

नात म्हणाली, "इतक्या वर्षांत उडाला असेल गं रंग."

"वरचा उडालाय. दुमडीतला कशाला उडेल?"

गोधडी शिवताना तुकड्याची कड आत दुमडतात. तिथे ऊन लागत नाही. दोन मरून जिथे मिळतात तिथली बोटभर शिवण मी उसवली आणि दोन्ही कडा बाहेर काढल्या. आधी ट्यूबलाइटखाली धरल्या. एकच रंग. मग खिडकीशी गेले. बघितलं, समोरच्या इमारतीकडे नजर नेली, परत बघितलं.

जुळत नव्हते. एक निळ्याकडे, एक विटेकडे.

म्हणजे गिऱ्हाईक खरं बोलत होतं. त्या दिवशी ह्यांनी खिडकीपर्यंत जायचा कंटाळा केला असेल, नाही तर आभाळ भरलेलं असेल. कसंही असो, ट्यूबलाइटखाली पास केलं. आणि गॅलरीत चहा निवेपर्यंत उभे होते, तेव्हाच त्यांना ते कळलं होतं. पुरावा त्यांच्याच विरुद्ध होता. मी तो शिवला, ते त्यांना बरंच झालं.

मला राग आला. चाळीस वर्षं मी हे वागवलं, एका वाक्यात त्यांना सांगता आलं असतं. पण मिरचीची गोष्ट मी चाळभर करायचे, तशी हीही केली असती. ते त्यांना ठाऊक होतं.

"काय दिसलं?" नातीने विचारलं.

"आजोबा चुकले होते."

"कशात?"

मी सगळं सांगितलं. ती गोधडी कॉलेजात न्यायची म्हणून मागे लागली. म्हटलं, ने, पण आधी शिवण घालू दे. घरात मरून दोरा नव्हता. ती तो आणायला दादरला निघाली तेव्हा नमुन्याला गोधडीतला एक धागा तिच्या हातात दिला.

"दुकानात बघू नकोस. बाहेर येऊन उन्हात धर."

"हो गं."

आणलेलं रीळ जरा गडदच निघालं.

"बाहेर येऊन बघितलंस का?"

"गर्दी होती ना, आजी."

मी चष्मा पुसला, सुईत दोरा ओवला आणि त्याच दोऱ्याने शिवण घातली.