कोपरा कोणाचा

उपनगरातल्या त्या लाल विटांच्या चर्चची डागडुजी गेली चाळीस वर्षं एकच माणूस करत होता. सगळे त्यांना गवंडीकाका म्हणत. हातात कसब, पण जिभेला हाड नाही. "विटांचा वीट नाही का आला?" हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांच्यावर केला होता, आणि प्रत्येकाला वाटे की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. काकू मात्र वेगळंच सांगत. त्यांना स्थळं दोन आली होती, एक पाथरवट आणि एक गवंडी. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून त्यांनी होकार दिला.

काकांचं दुःख एकच होतं. तीस वर्षांपूर्वी पाण्याचा टँकर मागे घेताना चर्चच्या उत्तरेच्या कोपऱ्यावर आदळला. काकांनी घरामागे भट्टी लावून स्वतः विटा भाजल्या, रंग जुळेना म्हणून विटांचे दोन घाणे फेकून दिले, नव्या विटांच्या कडा कानशीने झिजवल्या. कोपरा उभा राहिला. महिन्याभराने तेव्हाच्या फादरनी विचारलं, "काम कधी सुरू करताय?" आयुष्यात मिळालेलं प्रशस्तिपत्रक ते एवढंच.

आता ट्रस्टींना चर्च पाडून गुळगुळीत टाइल्सचा हॉल बांधायचा होता. चर्च वारसा यादीत गेलं तरच वाचणार होतं. एकदा यादीत गेलं की परवानगीशिवाय विटेला बोटही लावता येत नाही. तपासणीला वारसा खात्याच्या बाई येणार त्या सकाळी नवे फादर म्हणाले, "काका, तुमच्या कोपऱ्याचा विषय काढू नका. ट्रस्टी म्हणतील, चर्च जुनं राहिलंच कुठे?" घरून निघताना काकूंनीही बजावलं होतं, "आज मिठाची गुळणी धरा."

बाई छोट्या हातोडीने वीट न् वीट वाजवत निघाल्या. उत्तरेच्या कोपऱ्यापाशी थबकल्या.

"दीडशे वर्षांपूर्वीचं काम आहे हे. एक सांधा इकडचा तिकडे नाही. असा हात आता कुठे मिळतो?"

काकांना भडभडून आलं. चाळीस वर्षांनी कौतुक आलं, तेही चुकीच्या पत्त्यावर. पण त्यांनी गुळणी सोडली नाही.

मग आली दक्षिणेची भिंत. मधला थर पोटात खचलेला, सांधे वेडेवाकडे. बाईंनी नाक मुरडलं. "हे अलीकडे कुणी अडाण्याने लिंपलंय. तुम्हीच का?"

फादरना एकदम खोकला आला. काकांची गुळणी तिथेच सुटली.

"बाई, ही भिंत पहिल्या गवंड्याची आहे. माझ्या आज्याच्याही आधीची. तो दुपारी जेवून डुलक्या काढत असणार. हात शिवशिवले तरी चाळीस वर्षं मी ती वाकडीच्या वाकडी जपली. आणि तो कोपरा माझा आहे."

बाई हसल्या. काका संतापले. "खोटं वाटतं तर घरी चला. त्याच घाण्यातल्या उरलेल्या विटा आमच्या कपाटाखाली आहेत."

काकूंनी दार उघडलं तर सरकारी बाई चपला काढून आत आल्या आणि थेट कपाटाच्या पायाशी ओणव्या झाल्या. हातोडी वाजली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. बाई उठल्या, वहीची चार पानं खोडली आणि निघून गेल्या. त्यानंतरचे आठ दिवस काकांना अन्न गोड लागलं नाही. आपल्या तोंडानेच चर्च पाडलं, असं ते भिंतीकडे तोंड करून म्हणत.

नवव्या दिवशी फादर पत्र घेऊन धावत आले. दक्षिणेची भिंत कुणीही न सुधारल्यामुळे अस्सल ठरली होती आणि तिच्या जोरावर चर्च यादीत गेलं होतं. खाली कोपऱ्याबद्दल एक ताकीद होती: ही दुरुस्ती इतकी बेमालूम आहे की जाणकाराचीही फसवणूक होते, सबब तिथे साल आणि गवंड्याचं नाव ठळक लावावं. काकांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

ओल्या मातीत त्यांनी खिळ्याने साल आणि नाव कोरलं, वीट भाजली आणि बाईंच्या देखत कोपऱ्यात बसवली. बाईंनी फोटो काढून नोंद केली. संध्याकाळी काकू चष्मा लावून बघायला आल्या.

"अहो, आडनावातली वेलांटी चुकली. दीर्घ हवी होती."

काकांनी एकदा विटेकडे पाहिलं, एकदा दक्षिणेच्या भिंतीकडे.

"असू दे," ते म्हणाले. "आता हात लावता येत नाही. वारसा आहे तो."