जाताना रेल्वेनं, येताना विमानानं

आमच्या घरातल्या किश्श्यांचं एक आहे, ते सांगून संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या मागून येतो आणि पहिल्याला कोपरानं ढकलून पुढे बसतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा एका उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही मुंबईहून विमानानं परत आलो. त्या एका प्रवासाचे किस्से आमच्या गावात, पांढरकवड्यात, चहाबरोबर पुढे कित्येक वर्षं पुरले.

माझे सासरे, मामंजी, कोर्टातले निवृत्त नाझर. ते, सासूबाई आणि मी सगळा उन्हाळा मुंबईला नणंदेकडे राहिलो होतो. परतीची तिकिटं जावईबापू काढणार, हे आधीच ठरलेलं. त्यामुळं मामंजींनी निघतानाच गावाला सांगून ठेवलं होतं, "जाताना रेल्वेनं, येताना विमानानं." आता ते विमान समोर दिसल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पण गावात तोंड दाखवायचं होतं.

*

त्या काळी सामानाबरोबर माणसाचंही वजन करत. सासूबाई काट्याजवळ जाऊन थांबल्या.

"बाजारात तूर तोलते तसं मले तोलता का?"

तिथला माणूस गयावया करू लागला. मागे रांग वाढली. शेवटी सासूबाईंनी लोणच्याची बरणी उचलली, पोटाशी धरली आणि तशाच काट्यावर चढल्या.

"बरणी खाली ठेवा, माताजी."

"कायले? आता लोणचं किती अन् मी किती, हे कोणाले समजते?"

त्यानं आकडा लिहिला आणि पुढच्याला बोलावलं.

*

सासूबाईंनी खिडकी पटकावली. मध्ये मी येणार होते, पण मामंजींनी मला हातानंच पलीकडे व्हायला सांगितलं आणि ते बायकोशेजारी बसले. पट्टा बांधला, डोळे मिटले, आणि पुटपुटले, "मी जप करून राह्यलो. कोणी बोलू नका."

तेवढ्यात विमानातली मुलगी तबक घेऊन आली. तबकात गोळ्या आणि कापूस. गोळी चघळायची, कापूस कानात घालायचा. मामंजींनी डोळे न उघडता दोन्ही घेतलं. जरा वेळानं ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "गोळी अगदीच फिकी आहे."

गोळी कानात अडकली होती. ती काढायला मला केसातली पिन लागली.

सासूबाईंनी आपला कापूस कानात घातलाच नाही. बोटांनी ओढून पाहिला. "धागा आखूड आहे. आपल्याकडला बरा," म्हणाल्या, आणि मांडीवर वाती वळायला बसल्या. त्या मुलीला मौज वाटली. तिनं आणखी कापूस आणून दिला. नागपूर येईस्तोवर श्रावणाची सोय झाली.

*

वाती वळता वळता सासूबाईंचं खाली लक्ष होतंच.

"अजी, पाहा ना, नदी."

"पाहिली," मामंजी डोळे मिटूनच म्हणाले.

"पूर्णा असंल का वर्धा?"

"तेच."

"तेच म्हणजे कोणती?"

"तू म्हणशीन ते."

विमान एकदम खाली गेल्यासारखं झालं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. सासूबाई मात्र जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारख्या हसल्या. मामंजींचा जप मोठ्यानं सुरू झाला.

*

नागपूरहून पुढे बस. सासूबाई बसल्या आणि सीटच्या दोन्ही बाजूंना चाचपू लागल्या.

"काय हरवलं, मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"पट्टा कुठं आहे, बापा?"

"इथं पट्टा नसते. समोरचा दांडा धरा."

रस्ता असा, की डोकं टपाला लागावं. पण मामंजींचे डोळे आता टक्क उघडे होते. "हे हिंगणघाट. हे वडनेर," असं ते प्रत्येक गाव आम्हाला नव्यानं दाखवत होते. त्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले.

*

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. मामंजींनी विमानतळ सांगितला, शिडी सांगितली, पंख सांगितले. मग केळापूरकडच्या तांड्यातले रामसिंग नाईक, कोर्टापासूनचे त्यांचे स्नेही, पुढे सरकले.

"नाझरसाहेब, वरून माणूस केवढा दिसते?"

मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मी चहा घेऊन दारातच उभी होते.

सासूबाई माझ्या हातातला चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या.

"ते काय सांगतीन, भाऊ? मी किती भेली होती! सारा वेळ यांचा हात धरून बसली. यांना मी खाली पाहूच देल्लं नाही."

ओसरी हसली. रामसिंग म्हणाले, "बाईमाणूस आहे, भेणारच."

"भेली होती खरी," मामंजी चहा बशीत ओतत म्हणाले. "लय भेली होती."

सासूबाई दारापर्यंत आल्या आणि वळल्या.

"आता नाही भेणार मी. पुढल्या वर्षी जातानाही विमानानंच जाऊ."

मामंजींना असा ठसका लागला की रामसिंगांना त्यांची पाठ चोळावी लागली.